फळीचे पोट

"कवी, तुम्ही माझ्या रेषेवर उभे आहात," कर्नल रणनवरे म्हणाले.

मी खाली पाहिले. पायांखाली काळपट वाळूचे एक मोठे वर्तुळ होते, चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखे, आणि त्याच्या मध्यावर मूठभर रुंदीचा खळगा. रेष म्हणावी असे त्यावर काही नव्हते. तरीही मी घाईने मागे सरलो आणि त्या घाईत माझ्या चपलांचे आणखी ठसे वाळूवर उठवून ठेवले. कर्नलांनी डोळे मिटून घेतले. भर मैफलीत कुणी शिंकावे आणि गवयाने तान अर्धवट सोडावी, तसे ते थांबले.

"शिदू," डोळे न उघडताच ते म्हणाले, "रस्ता."

शिदू हा त्यांचा कॅडी, खेळाच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. वयाने त्यांच्याच बरोबरीचा, मिशीने त्यांच्याहून भारदस्त. त्याने पिशवी खाली ठेवली, काठाशी पडलेली लांब दांड्याची सागवानी फळी उचलली, चेंडूच्या पुढ्यात टेकवली आणि खळग्याच्या पलीकडेपर्यंत एका दमात ओढत नेली. माझे ठसे, चिमण्यांचे ठसे, आधी खेळून गेलेल्यांच्या बुटांचे ठसे, सगळे पुसले गेले. ओल्या मातीवरून पंजा फिरवावा तसा एक गुळगुळीत पट्टा चेंडूपासून खळग्यापर्यंत उरला. चेंडूच्या या वाटेलाच ते रेष म्हणत. कर्नलांनी डोळे उघडले, पाय रोवले, काठी हलवली. चेंडू निघाला, तसूभरही न चळता पट्ट्यावरून गेला आणि खळग्यात पडला.

"नजर असावी लागते," ते मला म्हणाले. "लिहून घ्या."

मी लिहून घेतले. त्याचसाठी मला ठेवले होते.

सोनटेक क्लबला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि स्मरणिकेसाठी क्लबला लेखणी धरणारा माणूस हवा होता. मी मराठी घेऊन एम. ए. झालो होतो, नोकरी नव्हती, आणि निराशा अंगरख्यासारखी घालून हिंडण्याचे ते वय होते. झाड दिसले की मला आधी त्याचे वठणे दिसे, माणूस दिसला की त्याची सावली. माझ्या मावशीने, दिवंगत डॉक्टर कर्णिकांच्या पत्नीने, कर्नलांकडे शब्द टाकला आणि मी कागदपेन्सिल घेऊन त्यांच्या मागून फिरू लागलो. त्यांनी माझे नाव कधी विचारले नाही. कवी म्हटले की त्यांचे काम भागत असे.

सोनटेक हा दख्खनच्या पठारावरचा छावणीचा माळ. मुरूम, तरवड आणि वारा यांपलीकडे निसर्गाने तिथे काही ठेवलेले नव्हते; जणू जग घडवून उरलेला चुरा तिथे झटकला होता. त्या माळावर पाटबंधारे खात्यातल्या मॅकऑलिफ नावाच्या एका स्कॉटिश इंजिनियराने गोल्फचे मैदान आखले. गवत जगण्याइतके पाणी नव्हते, म्हणून प्रत्येक होलभोवती हिरवळीच्या जागी वाळूचे वर्तुळ आले. चाळलेली वाळू, ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात कालवलेले जळके तेल, वरून फिरवलेला रूळ. हिरवळ ती ग्रीन, म्हणून याला क्लबात ब्राउन म्हणत. दर हंगामात ती वाळू उकरायची, पुन्हा चाळायची, पुन्हा तेलात मळायची, हीच त्या मैदानाची निगा आणि हाच त्याचा इतिहास. पण एवढ्यावर स्मरणिका भरत नाही. म्हणून मॅकऑलिफला तत्त्वज्ञ करण्यात आले होते.

चौथा होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चौथ्या खळग्यापर्यंतचा पट्टा, मध्येच डावीकडे वळतो. या वळणाविषयी क्लबात पिढ्यान्‌पिढ्या हलक्या आवाजात बोलले जाई. सरळ मारण्याचा मोह पडावा आणि मोहात पडणाऱ्याचा घात व्हावा, अशी त्यामागची योजना होती म्हणे. छावणीच्या कचेरीत भिंतीवर एक जुना नकाशा टांगलेला होता. येणारा जाणारा कुणीही तो पाहू शकत असे. मी पाहिला. चौथ्या होलच्या उजव्या अंगाला त्या काळी चांदमारी होती. मैदान तिला वळसा घालून गेले होते.

"सर," मी कर्नलांना म्हणालो, "तिथे शिपाई नेमबाजी करत. होल सरळ आखला असता तर खेळणाऱ्याला गोळी लागली असती."

"तेच तर," कर्नल म्हणाले. "जोखीम. हा माणूस जोखमीचा विचार करत होता. लिहा."

चेंडू अडकवणारे थोर बंकर ज्यांना म्हणत ते शिपायांनी सरावासाठी खणलेले आणि कंटाळून न बुजवलेले खंदक होते, हे मग मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी त्यातूनही काहीतरी काढले असते.

"आणि ही फळी?" मी विचारले. "तीही मॅकऑलिफचीच?"

कर्नल खुलले. ही त्यांची आवडती गोष्ट होती आणि दर वार्षिक जेवणाला ते ती सांगत. "फळी नंतरची. मॅकऑलिफ गेल्यावरची. एक जनरल आला होता पाहुणा, संधिवाताचा. त्याचा चेंडू काही केल्या पडेना. पाहुणा घुश्शात. मग आपल्या त्या वेळच्या सेक्रेटरीनं काय डोकं चालवलं, तर छावणीच्या सुताराकडून फळी करवून घेतली. दुसऱ्या दिवशी जनरलनं चषक नेला आणि हा माळ कायमचा क्लबच्या नावे करून दिला. मुत्सद्देगिरी म्हणतात ती ही."

तोवर पलीकडच्या सातव्या होलवर एक पांढरे सुती पातळ वाऱ्याशी झगडताना दिसू लागले होते. माझी मावशी तिथे एकटीच खेळत होती.

प्रमिलामावशीला हा खेळ डॉक्टरांनी लग्नानंतर शिकवला. बायकांना क्लबात सभासद होता येत नसे. त्या सहयोगी असत. सहयोगींनी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी खेळायचे, पुरुष आले की वाट द्यायची, पिशवी आपली आपण उचलायची. व्हरांड्यात चौकट करून लावलेल्या नियमांमध्ये आणखी एक ओळ होती: फळी फक्त सभासदांसाठी. नवरा वारला तर बाईचे सहयोगीपण समितीच्या मर्जीवर चालू राही. सबनीस वकिलांनी, म्हणजे क्लबच्या सेक्रेटरींनी, हे सगळे अशा गोड भाषेत लिहिले होते की वाचताना आपला सत्कार होत आहे असे वाटावे.

मावशी ब्राउनवर पोचली की पातळाचा काठ खोचून उकिडवी बसे आणि तांदूळ निवडावेत तशी वाळूकडे पाही. कुठे बुटाची टाच रुतली आहे, कुठे वाऱ्याने कण लोटले आहेत, कुठे तेल कमी पडून वाळू भुसभुशीत झाली आहे. मग उठून त्या सगळ्यातून चेंडू मारी. पुष्कळदा तो चुके. ती चुकल्याचे तोंडही करत नसे. पुन्हा बसे, पुन्हा पाही.

घरी तिने माजघरातल्या ओबडधोबड फरशीवर जाजम अंथरले होते आणि त्याच्या टोकाला एक वाटी कलती करून ठेवली होती. संध्याकाळी रेडिओ लावून ती तिथे चेंडू ढकलत बसे.

"मावशी, याने काय मिळतं तुला?" मी एकदा विचारले होते.

"तुला कवितेनं काय मिळतं?"

"काही नाही."

"मग. मला निदान व्यायाम तरी होतो."

हिरवळीची टूम निघाली ती एका पाहुण्यामुळे. मोठ्या शहरातल्या क्लबचा कुणी कापड गिरणीवाला आला होता. पहिल्या ब्राउनपाशी थांबून त्याने अत्यंत नम्रपणे विचारले की इथे डांबर टाकण्याचे काम किती दिवस चालणार आहे. कर्नल त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या सभेत ठराव झाला: शताब्दीच्या आत सगळे ब्राउन उकरून हिरवळ लावायची. बंगलोरहून गवताचा तज्ज्ञ आला. पाण्याचे टँकर सुरू झाले. छावणीच्या वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी येत होते आणि इथे गवताला सकाळसंध्याकाळ अंघोळ.

"पहिल्या पानावर असं घ्या," कर्नलांनी मला सांगितले, "की मॅकऑलिफच्या मनात मुळात हिरवळच होती. बिचाऱ्याला पाणी मिळालं नाही. आपण त्याचं स्वप्न पुरं करतोय."

"त्याने असं कुठे म्हटलंय, सर?"

"म्हणायला कशाला पाहिजे? स्कॉटलंडचा माणूस. रक्तातच गवत."

त्याच सभेत, चहाचे कप उचलले जात असताना, आणखी एक ठराव झाला. हिरवळ नाजूक असते, तिच्यावर वर्दळ नको. सबब शताब्दीनंतरच्या पहिल्या तारखेपासून सहयोगी सभासदत्व बंद. सबनीस स्वतः मावशीकडे सांगायला आले. लाडू खाऊन गेले.

"आम्हाला सगळ्यांनाच फार वाईट वाटतंय, वहिनी," ते म्हणाले.

"दिसतंय," मावशी म्हणाली. "आणखी एक घ्या."

ते गेल्यावर ती जाजमाची सुरकुती सरळ करू लागली. "तुझे काका गेल्यापासून मी फक्त सकाळची वाट बघते, दिगू," ती म्हणाली. "सकाळच काढून घेतली तर उरेल काय. दुपार."

माझ्याजवळ दुपारींविषयी लिहिलेले पुष्कळ होते. त्यातले एकही अक्षर तिला वाचून दाखवण्याजोगे नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कर्नल आले. शताब्दीची सुरुवात मॅकऑलिफ चषकाच्या सामन्याने व्हायची होती, तोवर कुणालाही खेळू न दिलेल्या नव्या हिरवळीवर. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार येणार होता आणि त्याने सुचवले होते की चित्रात एखादी बाई असावी.

"तुम्ही माझ्या जोडीनं खेळा, वहिनी. पांढरं पातळ, हिरवं गवत. फार छान दिसेल."

"खेळेन," मावशी म्हणाली. "पण माझं फटक्यांचं कार्डही मोजायचं."

बरोबर आलेले सबनीस चुळबुळले. "चषकासाठी म्हणजे... सहयोगींना तशी तरतूद..."

"अहो, शताब्दी आहे," कर्नल हसले. "मोजा की. वहिनींचे फटके मोजायला तुमची बोटं पुरतात का तेवढं बघा."

दोघेही हसले. मावशीही हसली. ती कशाला हसली ते मला दोघे गेल्यावर कळले. क्लबात एक जुनी रीत होती: चषक जिंकणारा वर्षभर मैदान समितीत बसे. आजवर तो बहुधा कर्नलच असल्यामुळे ही रीत आहे हेच लोक विसरले होते.

"समितीत बसले तर निदान हात वर करता येईल," ती म्हणाली. "मला काढायचं तर माझ्यासमोर काढतील."

"पण मावशी, ते पुरुष. लांब मारतात. कर्नलांचं नाव विजेत्यांच्या फलकावर कितीदा..."

"लांब मारतात," ती शांतपणे म्हणाली. "तू ये बघायला."

सामन्याच्या सकाळी मैदान असे दिसत होते की मला किळस आली. त्या तांबूस, भेगाळलेल्या माळावर ठिगळासारखी ती हिरवी वर्तुळे, मरणासन्न चेहऱ्यावर लावलेल्या रंगासारखी. व्हरांड्यात सनई होती. कर्नलांनी नवा कोट घातला होता. सभासद आणि त्यांच्या बायका पहिल्या हिरवळीभोवती कडे करून उभ्या होत्या.

कर्नलांचा पहिला फटका खरोखरच देखणा गेला. दुसऱ्यात ते हिरवळीवर होते. मावशी मागून हळूहळू, लहान लहान फटक्यांनी आली, जशी बाजारातून यावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या बायकांसाठी राखून ठेवलेल्या असतात.

कर्नल चेंडूपाशी गेले, डोळे मिटले आणि सवयीने म्हणाले, "शिदू, रस्ता."

शिदूही सवयीने फळी घेऊन आला होता. त्याने ती टेकवायला उचलली तोच बंगलोरचा तज्ज्ञ धावत आला. गवतावर फळी नाही चालणार. शिदूने कर्नलांकडे पाहिले, कर्नलांनी गवताकडे. आयुष्यात प्रथमच त्यांच्या आणि खळग्यामध्ये कुठलाही रस्ता आखून ठेवलेला नव्हता. नुसती जमीन होती, तिच्या उतारासकट, तिच्या लहरीसकट.

त्यांनी मारले. चेंडू खळग्याच्या बाजूने गेला आणि दुसऱ्या काठाला जाऊन थांबला. त्यांनी तिथून मारले. तो पुन्हा बाजूने गेला. सलाम न करणाऱ्या शिपायाकडे पाहावे तसे त्यांनी चेंडूकडे पाहिले. सनईवाल्याला कुणीतरी थांबवले. पुढे जे झाले ते पाहताना मला आधी हसू येत होते, मग ते येईनासे झाले. एक सुस्वरूप, ताठ कण्याचा म्हातारा त्या हिरव्या वर्तुळात मागेपुढे, मागेपुढे फिरत होता, घरातल्या घरात वाट चुकल्यासारखा.

मावशीने काठ खोचला आणि ती उकिडवी बसली. छायाचित्रकाराने मान वळवली. त्याला हवे होते ते हे चित्र नव्हते. ती उठली, मारले. चेंडू निघाला तो भलतीकडेच निघाला असे वाटले. मग उताराने त्याला हळूच वळवून घेतले आणि तो खळग्याच्या काठावर क्षणभर थबकून आत पडला. टाळ्या पडल्या नाहीत.

मागून सबनीस आले. त्यांचेही तेच. त्यांच्या मागचे, त्यांच्याही मागचे, फलकावर सोनेरी अक्षरांत रंगवलेली सगळी नावे एकामागून एक त्या गवतावर आली आणि शाळेत न आलेल्या धड्यावर बोट ठेवून उभ्या राहिलेल्या मुलांसारखी उभी राहिली. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते चेंडू दूरवर, सुंदर मारत होते, आणि शेवटच्या चार हातांत त्यांना काही म्हणजे काही येत नव्हते.

शेवटच्या होलच्या काठाशी ती फळी कुणी तरी टाकून दिली होती. मी ती उचलली, उलटी केली आणि तिच्या धारेवरून सहज तळवा फिरवला. धार सरळ नव्हती. मधोमध ती किंचित फुगीर होती, जेवलेल्या माणसाच्या पोटासारखी. वाळूवरून ओढली की मागे पट्टा राहत नसे. पन्हाळ राहत असे. उथळ, डोळ्यांना न दिसणारी, पण चेंडूला दोन्ही काठांनी सांभाळून थेट खळग्यात नेऊन सोडणारी पन्हाळ.

"ही अशी झिजली कशानं, शिदू?"

"झिजली न्हाई. तशीच असतीय," शिदू म्हणाला. "नवी करायची झाली तरी सुतार जुनीवरनंच माप घेतो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"काय म्हाईत?" तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "फळी हाय ती. फळीला पोट असतंयच."

मला तेव्हा उमगले की यात कुणी लबाड नव्हता. लबाडाला निदान स्वतःशी तरी खरे बोलावे लागते. या माणसांनी एका संधिवाती पाहुण्यासाठी केलेली सोय पुढे कौशल्य म्हणून वारशात घेतली होती, तिच्यावर चषक जिंकले होते, फलक रंगवले होते, आणि त्या पन्हाळीतून घरंगळत गेलेल्या चेंडूंना ते आपली नजर म्हणत आले होते.

सर्वांत कमी फटके तिचेच भरले आणि चषक मावशीला मिळाला. तो देताना कर्नल म्हणाले की आजचा दिवस स्त्रीदाक्षिण्याचा आहे.

घरी आल्यावर मी तिला फळीविषयी सांगितले. ती चहा गाळत होती.

"तुला आज कळलं?" ती म्हणाली. "मला लग्न झालं त्या वर्षी कळलं. तुझ्या काकांच्या फळीला हात लावून पाहिला होता."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर त्यांनी मलाही एक फळी दिली असती."

पुढच्या सभेला मावशी मैदान समितीची सदस्य म्हणून गेली. मला वृत्तान्त लिहून घ्यायला बसवले होते. व्हरांड्यामागच्या खोलीत, मेलेल्या सांबराच्या मुंडक्याखाली, कर्नल बोलायला उभे राहिले. त्यांनी फार चांगले भाषण केले. हिरवळ हा परका विचार आहे, ते म्हणाले. या माळाचा आत्मा तपकिरी आहे. मॅकऑलिफने जे निर्माण केले ते जसेच्या तसे जपणे हे आपले कर्तव्य आहे. गवत काढून पूर्वीचे ब्राउन परत करावेत.

"कवी, ते पहिलं पान बदलून घ्या," बसता बसता ते मला म्हणाले.

"सर, मॅकऑलिफच्या मनात हिरवळ होती ना?"

"मनात होती. डोक्यात ब्राउन होता."

माना डोलल्या. सबनिसांनी ठराव वाचला. सहयोगी सभासदत्व बंद करण्याचा विषय त्याला जोडूनच होता, कारण तो हिरवळीच्या ठरावातला पोटभाग होता आणि एक काढल्यावर दुसऱ्याचे काय करायचे ते ठरवणे भाग होते.

"माझा ठरावाला पाठिंबा आहे," मावशी म्हणाली.

खोलीत आश्चर्य पसरले. कर्नलांनी कौतुकाने मान तुकवली.

"ब्राउन परत यावेत. मला वाळूचीच सवय आहे. फक्त एक दुरुस्ती आहे. मॅकऑलिफनं केलं तसंच, जसंच्या तसं करायचं तर फळी नको. फळी त्याच्या नंतरची."

वरचा पंखा कुरकुरला.

"वहिनी, फळी ही परंपरा आहे," सबनीस म्हणाले.

"आहे ना. पण तुम्ही परंपरेच्याही मागे निघालात, थेट मूळ माणसापर्यंत. कर्नल, ती संधिवाताच्या जनरलची गोष्ट तुम्हीच सांगता ना दर जेवणाला? मला चुकीचं आठवत असेल तर सांगा."

कर्नल टेबलावरच्या राखदाणीकडे पाहत होते. ती गोष्ट त्यांनी इतक्यांदा, इतक्या रंगवून सांगितली होती की ती नाकारायला त्या खोलीत जागाच उरली नव्हती. फळी हवी असे म्हणावे तर ती कशासाठी हवी, हे मोठ्याने म्हणावे लागले असते. गवत राहू द्यावे तर गवतावर खेळावे लागले असते. मी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिले. सुशिक्षित, गुळगुळीत दाढीचे, निवृत्तिवेतन घेणारे चेहरे. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत ती पन्हाळ, बुजत चाललेली.

"विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवावा," सबनीस अखेरीस म्हणाले.

हात वर गेले. इतक्या चपळाईने त्या मैदानावर कुणी काही केल्याचे मी पाहिले नव्हते.

"सगळाच विषय तहकूब?" मावशीने विचारले. "सहयोगी सभासदांचासुद्धा?"

"अर्थात," सबनीस म्हणाले आणि आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आले.

"मग उद्या सकाळी येते," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

पुढच्या सभेतही विषय तहकूब झाला, त्याच्या पुढच्याही. टँकरचे पाणी मागवावे तर हिरवळीला मान्यता दिल्यासारखे होई. वाळू आणि तेल मागवावे तर फळीचा प्रश्न उठे. तेव्हा क्लबने त्याला शंभर वर्षांत सर्वांत उत्तम साधलेली गोष्ट केली: काहीही केले नाही. बंगलोरचा तज्ज्ञ परत गेला. उन्हे चढली. गवत आधी पिवळे पडले, मग पांढुरके, मग वाऱ्याबरोबर एकेक काडी होऊन निघून गेले आणि खालची माती भेगाळून वर आली. स्मरणिका निघाली नाही. सभासद सकाळी येत, व्हरांड्यात बसून पत्ते खेळत, आणि मैदान सध्या दुरुस्तीत आहे असे पाहुण्यांना सांगत. मैदानाकडे पाठ करून बसता यावे म्हणून त्यांनी खुर्च्यासुद्धा फिरवून घेतल्या होत्या.

मावशी रोज जात होती. समितीच्या मर्जीला तहकुबी मिळाली होती. तेवढ्या फटीतून ती रोज सकाळी आत जाई. तिने जिंकले होते ते एवढेच, आणि एवढेच तिला हवे होते.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मावशी नाही, कर्नलही नाहीत. त्या दोघांना मी एकत्र पाहिले त्यातली शेवटची सकाळ मात्र माझ्या मनातून हलत नाही. मी तिची पिशवी घेऊन बरोबर गेलो होतो. शेवटच्या होलपाशी पोचलो तर कर्नल तिथे आधीच उभे होते, आणि शिदू, आणि फळी. व्हरांड्यातल्या कुणाला दिसू नये म्हणून असेल, ते मागच्या बाजूने आले होते. त्यांचा चेंडू खळग्यापासून वीतभर अंतरावर होता.

"रस्ता," ते हलकेच म्हणाले.

शिदूने फळी टेकवली आणि ओढली. ती एका ढेकळाला अडली, उडाली, मेलेल्या मुळांवरून खडखडत गेली. धूळ उठली. धूळ बसल्यावर खाली जमीन होती तशीच होती.

"निघंना, सायेब."

"पुन्हा बघ."

त्याने पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

मावशी काठाशी थांबली होती. तिचा चेंडू पलीकडे, बराच दूर होता. कर्नलांनी तिला पाहिले. त्यांचा चेहरा उन्हाने की कशाने तांबडा झाला होता. शिदूच्या हातातून त्यांनी फळी काढून घेतली आणि दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर केली, जसा एखादा किताब द्यावा.

"तुम्ही घ्या, वहिनी," ते म्हणाले. "समितीचं मी बघतो. आजपासून तुम्हालाही फळी."

मला वाटते, त्या माणसाने आयुष्यात कुणाला देऊ केलेली ती सर्वांत मोठी गोष्ट होती. त्याच्याजवळ दुसरे काही नव्हतेच.

मावशीने फळीकडे पाहिलेही नाही. ती काठ खोचून उकिडवी बसली, त्या उजाड मातीवरून, ढेकळांवरून, भेगांवरून खळग्यापर्यंत नजर नेली, आणि मग मान वर केली.

"कर्नल," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या रेषेवर उभे आहात."

त्यांनी खाली पाहिले. मग फळी छातीशी धरून, पाऊल कुठे पडते आहे ते बघत बघत, ते बाजूला झाले.